बाजूच्या खाटेवरचा बडबड्या

हिंगणघाटच्या दवाखान्यात डायलिसिसले माह्या बाजूची खाट त्याची. गळ्यात क्रॉस अन् तोंडाची टकळी सदा सुरू. सुई टोचली की डोळे मिटून साऱ्या पेशंटसाठी मोठ्यानं प्रार्थना करे.

"माह्यासाठी काई मांगू नोको. मले माहा देव हाये," मी बजावलं.

"तुमचं नाव नाई घेत, काका. अल्लीपूरचा अडेल म्हातारा बरा कर, एवढंच म्हणतो."

परवा मात्र तो तापानं फणफणला होता. ओठ हलत, पण शब्द फुटेना. मले राहवलं नाई. मी हात जोडले, "येशूबाबा, हा बडबड्या तुहा माणूस हाये. याले लवकर बोलता कर. खोली लय सुनी लागून राह्यली."

त्यानं एक डोळा उघडून खुणेनंच विचारलं, आमेन?

"ते मी नाई म्हणत. तूच म्हण."

पुटपुटला, पण म्हणला.