तीनपर्यंतचं राज्य

मुळ्याच्या जुड्या पिशवीत टाकताना तो मोठ्यानं मोजायचा, "उंग, दोय, त्रे," आणि मग लगेच, "चार, पाच." रेवदंड्याच्या बाजारात सकाळी भाजी घ्यायला तुम्ही कधी गेला असाल, तर तुम्हीही त्याला ऐकलं असेल. खाडीपलीकडच्या कोर्लईहून तो दोन टोपल्या घेऊन यायचा आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीशी बसायचा. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगिजांच्या वेळची बोली अजून घरात बोलतात. बाहेर तो आमच्यासारखंच मराठी बोलायचा, पण मोजायला लागला की घरची बोली तोंडात यायची.

मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवत असे. एकदा विचारलं, "तीनच्या पुढं मराठी का?"

"मास्तर, तीनपर्यंत त्यांचं राज," तो म्हणाला. "पुढं तुमचं."

हे उत्तर त्याचं ठरलेलं होतं. गिऱ्हाईक नवं असलं की तो मुद्दाम सावकाश मोजायचा, म्हणजे कुणीतरी विचारील. विचारलं नाही तर त्याचा चेहरा पडायचा आणि मुळे जरा कोमेजलेले निघायचे.

माझा विषय त्याला माहीत होता. शाळा सुटल्यावर मी दिसलो की विचारायचा, "आज कोण जिंकला?" मी सांगायचो. एकेकाळी इथं अरबी घोडे उतरायचे, रेशमाचे माग चालायचे, पोर्तुगीज कप्तान रेवदंड्याच्या कोटात राहायचा. मग मराठ्यांनी तह करून ठाणं घेतलं, बंदर गाळानं भरत गेलं आणि व्यापार मुंबईला गेला. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "घोडं गेलं, रेशीम गेलं. वांगी ऱ्हायली. वांगी कोन नेतंय?" आता कोटाच्या आत सुपारीच्या वाड्या आहेत आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्या. तेव्हा वांगी तेच नेतात, पण हे मी त्याला कधी बोललो नाही.

त्याला एकच मुलगा. त्याचं गोव्याच्या एका मुलीशी जमलं. मुलीकडची माणसं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून एकेक करून निघाली होती. गोवा आणि दीव-दमण पोर्तुगीज असताना तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो मिळतो. त्यांनी निरोप धाडला, मुलाला पासपोर्ट मिळत असेल तर लग्न करू.

तो टोपल्या न घेता माझ्या घरी आला. तसा तो पहिल्यांदाच दिसत होता.

"मास्तर, आमी पन त्यांचेच ना? भाषा हाय, चर्च हाय, नावं हायेत."

"मुलगा गेला तर शेत कोण बघणार?"

"त्ये मी रोज इचार करतो," तो म्हणाला. "पन पोराला न्हाय म्हनायचं तोंड न्हाय माझं. तुमी अर्ज लिवा."

मी लिहिलं. मला फार हौस आली होती, हे कबूल करतो. तीस वर्षं वर्गात सांगितलेल्या गोष्टींचा कुणाला तरी उपयोग होणार होता. कोट, कप्तान, माग, घोडे, सगळं चार पानांत उतरवलं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून त्यानं बापाचा, आजाचा, पणज्याचा उतारा आणला. त्याच्या मागची पानं वाळवीनं खाल्ली होती.

रेवसहून लाँच धरून आम्ही दोघं भाऊच्या धक्क्याला उतरलो. पासपोर्टची कामं करणारा एजंट मूळचा गोव्याचाच, सभ्य गृहस्थ. त्यानं चारही पानं नीट वाचली. मग दुसऱ्या पानावरच्या १७४० या आकड्यावर बोट ठेवून मला विचारलं, "हे राज्य याच साली गेलं ना?"

मी हो म्हटलं, आणि म्हणतानाच चूक लक्षात आली. तो सन मी दरवर्षी मुलांकडून घोकून घेत असे. आपल्या विजयाचा सन म्हणून फळ्यावर अधोरेखित करत असे. गोवा माझ्या डोळ्यांदेखत सुटला होता आणि कोर्लई त्याच्या दोन शतकं आधी, हे गावातल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं. तरी त्या माणसाला आशा लावून मी मुंबईपर्यंत आणलं होतं.

"आजोबापर्यंत बघतात," एजंट म्हणाला. "मुलगा, बाप, आजोबा, तीन पिढ्या. त्यातलं कुणीतरी त्यांच्या राज्यात जन्मलेलं लागतं. तुमचे सगळे नंतरचे."

 परतताना लाँचमध्ये मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचा इतिहास बरोबर व्हता, मास्तर. लवकर सपला येवडंच." मग अर्ध्या वाटेत एकदम हसला. "त्यांना बी तीनच्या पुढं मोजता येत न्हाय." मला हसू आलं नाही.

लग्न मोडलं. मुलगा बापाशी भांडला नाही, माझ्याशी बोलणं मात्र त्यानं सोडलं. पुढं बोटीवर स्वयंपाक्याचं काम मिळालं, आणि जो आता तरी शेतावर राहील असं बापाला मनातून वाटलं होतं, तो भारताच्या पासपोर्टवर निघून गेला. टोपल्या दोनाच्या एक झाल्या. तो मोजायचा तसाच, पण सावकाश मोजणं बंद झालं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सवय हाय, बाय."

गेल्या थंडीत तो गेला, ऐन मुळ्याच्या दिवसांत. मी कोर्लईला गेलो. पुरताना त्यांच्यात प्रत्येक जण मुठीनं माती टाकतो. माझी पाळी आली. मी एक टाकली, मग दुसरी, तिसरी. किती टाकायच्या ते मला माहीत नव्हतं. मनात त्याचेच आकडे चालले होते. हात झटकून मागं झालो तेव्हा त्याची बायको जवळ आली.

"मास्तर, पोरगा बोटीवर हाय, येवाला गावलं न्हाय. त्याच्या वाटची तुमी टाका."

मी पुन्हा वाकलो. ती मूठ मराठीत मोजली.