बसऱ्याची माती

तुळजापूरच्या शाळेतले अंबादास गुरुजी जुन्या घड्याळांसाठी वेडे होते. निजामाचं राज्य गेलं तशी बड्या घरांतली कितीतरी घड्याळं धाराशिवच्या बाजारात आली, आणि तिथून गुरुजींच्या लाकडी पेटीत. ते ती स्वतः उघडत, साफ करत आणि आळीपाळीनं मनगटावर बांधून शाळेत मिरवत. त्यांची बायको वनमालाबाई त्या पेटीला पांजरपोळ म्हणत.

पण खरा जीव अडकला होता सास्तूरच्या कोंडीरामच्या घड्याळात. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर लढायला गेलेला त्याचा चुलता ते मनगटावर बांधून परतला होता. काच फुटू नये म्हणून वर नाजूक धातूची जाळी, आत बारीक आकडे. कित्येक वर्षं बंद. आता चुलता नव्हता, चुलतीही नव्हती, तरी कोंडीराम ते द्यायला तयार होईना. गुरुजींनी सास्तूरला खेपा घालून त्याचा पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठं तो राजी झाला.

"पर दसऱ्याला म्या देवीला येतो, तवा तुमच्या हातात चालतं दिसलं पायजे," तो म्हणाला. "न्हाय तर चुलत्याची वस्तू मला माघारी द्या."

गुरुजींनी घड्याळ उघडलं तर चक्रांत तांबडा गाळ घट्ट बसलेला. बसऱ्याची माती! गुरुजी मोहरून गेले. सुईनं खरवडून त्यांनी ती पुडीत जपून ठेवली, येईल त्याला दाखवली, आणि वर्गात तर तिच्यावर लढाईचा अख्खा तास घेतला. श्रावण सरता सरता घड्याळ टिकटिकू लागलं. वनमालाबाईंनी कान लावला आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

"जीव आहे हो ह्याच्यात," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. वनमालाबाईंनी पाटावर विळी मांडली, कुऱ्हाड मांडली, आणि त्यांना वाटलं, लढाईवरून आलेलं घड्याळ म्हणजे हत्यारच की. गुरुजी आंघोळीला गेले होते. बाईंनी घड्याळावर मनोभावे पळीभर पाणी सोडलं, वर हळदकुंकू वाहिलं. काच खिळखिळी होती. गुरुजी येऊन बघतात तर घड्याळ बंद.

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" ते कडाडले. सणाच्या दिवशी घरात अबोला झाला.

दुसऱ्या दिवशी दर्शन करून कोंडीराम आला. गुरुजींनी घड्याळ त्याच्यापुढं ठेवलं.

"बंद पडलं. घेऊन जा. ही पुडीतली बसऱ्याची मातीही तुमचीच."

कोंडीरामनं पुडीतल्या मातीला बोट लावून पाहिलं, मग जाळीत अडकलेलं ताजं कुंकू पाहिलं.

"कुनी पुजलं?"

"मी," वनमालाबाई दाराआडून म्हणाल्या.

कोंडीराम खो खो हसत सुटला. "आवं गुरुजी, माती कसली! हे आमच्या सारजा चुलतीचं कुंकू हाय. नवरा जित्ता माघारी आला म्हणून दर खंडेनवमीला घड्याळाला न्हाऊ घालायची. पयल्याच साली बंद पडलं."

"मग चुलते काय म्हणाले?" गुरुजींनी विचारलं.

"काय बी न्हाय. जलमभर बंद घड्याळ बांधून फिरले. तिनं येळ इचारली की गुपचूप सूर्याकडं बघून सांगायचे. तिला शेवटपोत्तर कळलं न्हाय."

गुरुजींची मान खाली गेली. कोंडीरामनं घड्याळ त्यांच्याकडं सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच. ह्या घरात त्याला पुजणारं मानूस हाय."

आपट्याची पानं देऊन तो गेला. दिवाळीच्या आत गुरुजींनी घड्याळ पुन्हा चालू केलं. जाळीतलं कुंकू मात्र पुसलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी ते स्वतःच पाटावर आणून ठेवलं. वनमालाबाई हातात पळी धरून घुटमळल्या.

"पाणीसुद्धा?"

गुरुजींनी घड्याळाच्या काचेवरून एकदा बोट फिरवलं. "पाणीसुद्धा. मला सूर्यावरून वेळ सांगता येते."

वनमालाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, पळी खाली ठेवली आणि घड्याळावर नुसतं झेंडूचं फूल वाहिलं.