गाठ मारलेला बेल्ट

गोंडपिपरीच्या पुढे नदीवर पुलाचं काम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या स्टोअरमध्ये दसरू नावाचा एक माणूस बसतो. वय पन्नाशीच्या अलीकडे, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावचा गोंड. क्रेनच्या हुकाला ओझं अडकवायला जे रुंद, जाड विणीचे पट्टे लागतात, त्यांना साइटवर सगळे बेल्ट म्हणतात. ते बेल्ट सकाळी तपासून द्यायचे आणि संध्याकाळी तपासून परत घ्यायचे, एवढंच त्याचं काम. एखाद्या बेल्टची शिवण उसवलेली दिसली, कडेला नखाएवढा काप दिसला, की हा माणूस कोणाला विचारायला जात नाही. दारातल्या ओंडक्यावर बेल्ट ठेवतो आणि कुऱ्हाडीने त्याचे चार तुकडे करतो. कामगार त्याला बेल्टचा कसाई म्हणतात. एक नवा इंजिनिअर म्हणाला होता, ‘अहो, महिनाभर सहज निघाला असता.’ दसरूने मान वर केली नाही, उरलेले दोन घाव घातले आणि तुकडे ड्रममध्ये टाकले.

त्या इंजिनिअरला काय ठाऊक, की एके काळी दोर कापायचा म्हटलं की याच माणसाच्या जिवावर यायचं.

दसरूचा बाप दोर वळायचा. पळसाची मुळं खणून आणायची, कुटायची, त्यातला वाख, म्हणजे धागा, काढायचा, वाळवायचा आणि मांडीवर वळत बसायचं. एक धड दोर व्हायला आठ-आठ दिवस जायचे, मांडीची साल निघायची ती वेगळीच. अशा घरात दोर तुटला तर कोणी फेकत नसे. बाप म्हणायचा, “दोर कापाचा नाई रे. गाठ माराची. कापलेला पुन्हा एक होत नाई.” आणखीही एक रीत होती. रानात कोणी लाकडाची मोळी बांधून ठेवली आणि वर गवताची गाठ मारली, की तिला दुसरा कोणी हात लावत नसे. गाठ दिसली की समजायचं, हे आपलं नाही, पुढे चला. त्यासाठी ना पाटी लागायची, ना राखणदार.

ही शिदोरी घेऊन दसरू ऐन तरुणपणी चंद्रपूरकडे कामाला गेला. शेताचा तुकडा भावाला दिला, बैलजोडी विकली आणि एका कारखान्याच्या बांधकामावर खलाशी झाला. क्रेनवाला ओझं उचलतो हे खरं, पण ते बांधतो खलाशी, तोल बघतो खलाशी आणि इशारा देतो तोही खलाशीच. ‘हाबीस’ म्हटलं की वर, ‘आरिया’ म्हटलं की खाली. दसरूचा आवाज असा खणखणीत, की तीन मजले वरून ऐकू यावा. ओझं आधी जमिनीपासून वीतभर उचलायचं, थांबायचं, बेल्टकडे बघायचं आणि मगच पुढे जायचं. हा नेम त्याने वीस वर्षं मोडला नाही. त्याच्या हाताखाली कोणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं, आणि हे तो जरा जास्तच वेळा सांगायचा.

म्हणूनच गावचा इतवारी आपल्या लेकाला घेऊन त्याच्या दारात आला. लेकाचं नाव कोलू. तिशीचा, लग्न झालेला, घरात तान्ही मुलगी. इतवारी म्हणाला, “दसरू, याले तुह्यासंग ने. दुसऱ्या कोनापाशी धाडलं त माह्या डोळ्याले डोळा लागनार नाई.” नात्याने दसरू कोलूचा मामा लागायचा, लांबचा का होईना. त्याने हो म्हटलं आणि कोलूला पोटच्या पोरासारखं शिकवलं. कोलूही शिकला. घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. बेल्ट घ्यायच्या आधी तो उलटसुलट करून बघायचा आणि दसरू हसून म्हणायचा, “अबे, मी पाह्यला ना! तू काऊन पुन्हा पाहून राह्यला?” हे वाक्य पुढे दसरूला फार महागात पडलं.

टोळीचे बेल्ट दसरूच सांभाळायचा. कारखान्यात नियम होता की बाद झालेला बेल्ट त्याच दिवशी कापायचा. भिंतीवर तो मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. सुरक्षेचं काम बघणारे अतुल साहेब दर महिन्याला विचारायचे, “दसरू, बाद बेल्ट कापले ना?” दसरू मान डोलवायचा आणि साहेब वहीत खूण करायचे. साहेबांनी उठून स्टोअरच्या कोपऱ्यात बघितलं असतं, तर तिथे पंधरा-वीस बेल्टचा ढीग दिसला असता, सगळे अख्खे. प्रत्येकाच्या मधोमध एक घट्ट गाठ मारलेली होती. एवढा मजबूत विणलेला पट्टा, एका कडेला जरासा फाटला म्हणून त्याचे तुकडे करायचे? बापाच्या मांडीची साल ज्याने पाहिली, त्याचा हात कसा उठावा! गाठ मारली म्हणजे झालं. गाठ दिसली की हात लावायचा नाही, हे टोळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. कोलूला तर जन्मापासून माहीत होतं.

ते बेल्ट मग गाठ सोडून गावाला जायचे. विहिरीच्या बादलीला दसरूचा बेल्ट, धानाच्या भाऱ्यांना दसरूचा बेल्ट. कोलूच्या घरात मुलीचा पाळणा टांगला होता तोही त्याच्याच बेल्टवर. सुट्टीला आला की बाया वाटेत थांबवून विचारायच्या, “दसरूभाऊ, आमाले कवा?” दसरूची छाती फुगायची. आता म्हणावंसं वाटतं, ती जरा कमी फुगली असती तर बरं झालं असतं.

कार्तिकात धानाची कापणी आली. इतवारीने फोन केला, “गाडीवर भारे बांधाले एक बेल्ट आन ना रे. लांब पाह्यजे.” शनिवारी संध्याकाळी दसरू गावी निघणार होता. दुपारी जेवण झाल्यावर त्याने ढिगातून एक लांबसा पिवळा बेल्ट काढला. गाठ तीन महिन्यांची, बसून घट्ट झालेली. खिळा घालून त्याने ती सोडवली, बेल्ट झटकला आणि तो पिशवीत भरणार, एवढ्यात क्रेनवाल्या सुरजने हाक मारली. पलीकडे एक ओझं अडलं होतं. दसरू उठला आणि हातातला बेल्ट जाता जाता खुंटीवर अडकवून गेला. खुंटीवर तपासलेले, चांगले बेल्ट असायचे. त्याच्या मनात काही नव्हतं, फक्त हात मोकळा करायचा होता.

तासाभराने एक लोखंडी पाइप उचलायचा होता. कोलू आला. खुंटीवरचा बेल्ट घेतला, त्यावर हात फिरवला. गाठ नव्हती. काप होता आतल्या कडेला, जरा वळवलं असतं तर दिसला असता. पण खुंटीवरचं सगळं दसरूमामाने पाहिलेलं असतं, आणि पाहिलेलं पुन्हा बघितलं की मामा हसतो. कोलूने पाइप बांधला. वीतभर उचलायला लावला, थांबला, बेल्टकडे बघितलं. शिकवलेलं सगळं त्याने केलं. दोन पुरुष उंचीवर गेल्यावर बेल्ट फाटला. कोलू पाइपच्या टोकाची दोरी धरून होता. पाइप त्याच्या बाजूने खाली आला.

दसरू तीस पावलांवर होता. आवाज झाला तेव्हा तो धावला, आणि तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कोलूचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. लोक पाणी आणा, गाडी आणा म्हणत होते. त्याचं लक्ष मात्र बाजूला पडलेल्या बेल्टच्या फाटक्या तुकड्याकडे गेलं. तो पिवळा होता, आणि मधोमध त्यावर तीन महिन्यांच्या गाठीचा वळ होता. त्या क्षणी दसरूला जे कळलं, ते त्या मैदानात दुसऱ्या कोणालाही कळलेलं नव्हतं.

चौकशी झाली. कागदावर आलं की मृत कामगाराने निष्काळजीपणाने बाद बेल्ट वापरला. अतुल साहेबांनी ते वाचून दाखवलं आणि नजर खाली ठेवूनच विचारलं, “बरोबर आहे ना?” साहेबांना आपल्या वहीतल्या खुणा आठवत असाव्यात. दसरूने सही केली. नोकरीची भीती होती, पोलिसांची होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठी भीती इतवारीच्या तोंडाची होती. कागदात सगळंच खोटं नव्हतं. ते अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं घेऊन दसरू गावी गेला.

गावात जे व्हायचं तेच झालं. रडून झाल्यावर लोक बोलू लागले. कोलूने घाई केली, कोलूने पाहिलं नाही, एवढा शिकवणारा मामा होता तरी पोरानं जीव घालवला. कोलूची बायको दुर्गा एकदा दसरूच्या अंगणात आली. मुलगी कडेवर होती.

“मामाजी, एक सांगा. तो घरात खाटेवर बी तसाच बसे नाई, आधी खाट हलवून पाहे. मंग बेल्ट काऊन नाई पाह्यला त्यानं?”

दसरू म्हणाला, “होते बाई कधी कधी.”

एवढंच म्हणाला. ती गेली आणि हा माणूस तिथेच बसून राहिला. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली, तो उठला नाही. सहा महिने त्याने असे काढले.

मेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करायची त्यांच्यात रीत आहे. चैत्रात मोहाची फुलं वेचून झाली आणि कोलूच्या दगडाचा दिवस ठरला. रानातून एक उभट दगड निवडला होता. तो बांबूला बांधून चार खांद्यांवर आणायचा होता. सगळं गाव जमलं. ओझं बांधायला दसरूशिवाय दुसरा कोण? त्यालाच पुढे केलं. कोणीतरी पळसाचा जुना दोर आणला, तर इतवारी म्हणाला, “थांब बाप्पा, दोर कशाले? दसरूनं देल्ला बेल्ट हाये ना घरी.” म्हातारा स्वतः जाऊन तो घेऊन आला. निळा होता, चार वर्षांपूर्वी दिलेला.

दसरूने तो हातात घेतला आणि सवयीने कडेवरून बोटं फिरवली. बोटं काप लागला तिथे थांबली. बाद बेल्टच तो, काप असणारच.

“हा नाई चालत,” तो म्हणाला.

“गोटाच त हाये,” इतवारी म्हणाला. “त्याले काय होते?”

दसरूने शेजारच्या माणसाच्या खांद्यावरची कुऱ्हाड घेतली. दगडावरच बेल्ट ठेवला आणि घाव घातला. एक झाला, दुसरा झाला. बाया मागे सरकल्या. अशा वेळी दोर कापतात का कोणी? तुकडे झाल्यावर दसरू कुऱ्हाड टेकून उभा राहिला. ज्या आवाजाला तीन मजले कमी पडायचे, तो आता पहिल्या रांगेलाही जेमतेम ऐकू आला.

“कोलूनं घाई नाई केली. त्यानं गाठ हाये का ते पाह्यलं होतं. गाठ नव्हती, कारन ती मी सोडली होती. बेल्ट बाद होता. तो मी कापाले पाह्यजे होता, मी कापला नाई. खुंटीवर मीच अडकवला. अन् कागदावर सई बी मीच केली.”

  दुर्गा खाली बसली.

“सहा महिने,” ती म्हणाली, “सहा महिने मी त्याच्यावर चिडून राह्यली, मामाजी. मेलेल्या मानसावर. रोज भांडली त्याच्यासंग.”

मग ती उठून घरी गेली आणि पाळण्याचा बेल्ट सोडून घेऊन आली. दसरूपुढे धरला. “हा बी काप,” म्हणाली. त्याने कापला. पुढे ती त्याच्यासोबत चंद्रपूरला गेली, त्याने नवा जबाब दिला, कोलूच्या नावापुढचा ‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोडला गेला आणि दसरूचं खलाशीपण गेलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी दगडापाशी इतवारी अजून बोलायचा होता.

म्हाताऱ्याने जमिनीवरचे तुकडे पायाने बाजूला सारले. मग त्याने हळूच विचारलं, “गाठ कोनासाठी सोडली होती रे?”

दसरूने सगळं सांगितलं होतं, एवढं एक सोडून. त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आधीच ठरवून ठेवल्यासारखं पटकन म्हणाला, “माह्यासाठी. माह्या बैलाले पाह्यजे होता.”

 इतवारीचे ओठ हलले, जणू तो कार्तिकातला तो फोन मनात पुन्हा लावत होता.

“तुह्यापाशी बैल कुठी हाये रे, दसरू?” तो म्हणाला.

 म्हाताऱ्याने उत्तर मागितलं नाही. त्याने बाजूला पडलेला पळसाचा दोर उचलला, त्याचं एक टोक दसरूच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून दगडाभोवती फिरवू लागला.