वाजवायची की हत्यारांची?

डहाणूच्या हार्डवेअरच्या दुकानात मी "पेटी दाखवा" म्हटलं, तर दुकानदारकाकांनी अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत विचारलं, वाजवायची की हत्यारांची? मला हसू आलं. बाबांकडे दोन्ही होत्या. एक गावच्या भजनात वाजवायची आणि दुसरी होड्या दुरुस्त करायच्या त्यांच्या हत्यारांची, सागवानी, दोरीने खांद्याला अडकवायची. ती दुसरी रिकामीसुद्धा जड, आणि बाबांचा उजवा खांदा गेले काही महिने धरलेला. खांद्यापायी काम सुटलं तर हा माणूस घरात बसून नुसता वाळून जाईल, या धास्तीने मी हलकी पेटी घ्यायला निघाले होते.

वस्तू निवडताना मी दुकानदाराचा जीव खाते. पत्र्याची पेटी नको, आमच्या आगर गावच्या खाऱ्या हवेत तिला गंज चढायला किती वेळ लागतो? फार मोठीही नको. जागा दिसली की बाबा ती भरणार, आणि खांद्याचं दुखणं पुन्हा तेच. पण करवत तर मावायला हवी. म्हणून तिच्या लांबीची सुतळी कापून नेली होती, ती प्रत्येक पेटीत आडवी घालून पाहिली. मूठ तळव्याला रुतते का हे बघायला काकांच्या काट्यावरची वजनं आत टाकली आणि दुकानात चार फेऱ्या मारल्या. शेवटी एक निळी, प्लास्टिकची पेटी ठरली. झाकण उघडलं की आतले दोन कप्पे पायऱ्यांसारखे वर यायचे. मला ते इतकं आवडलं की बसची वाट बघताना मी ती उगाच उघडझाप करत बसले.

दुपारी बाबा झोपले होते. बाहेर बोंबील वाळत होते, दारावर टाकलेल्या जाळ्यातून ऊन आत येत होतं आणि जमिनीवर हलत होतं. त्या हलत्या उन्हात बसून मी जुन्या पेटीतलं एकेक हत्यार काढलं, पुसलं, नव्या पेटीत ठेवलं. तलासरीच्या ऑफिसात माझ्या फायली उंचीप्रमाणे लागलेल्या असतात, नीटनेटकेपणा हा माझा जुना रोग. जुन्या पेटीत कानस तिरकी, हातोडा आडवा, पटाश्या भलत्याच कोपऱ्यात, सगळा गोंधळ. मी मोठं खाली, लहान वर लावलं. पटाश्या तर रुंदीप्रमाणे ओळीत, धारा एका बाजूला. घराला पहिल्यांदा रंग दिल्यावर वाटतं तसं मला वाटत होतं.

बाबांची हत्यारं उचलायची एक रीत होती. नजर होडीवर, हात पेटीत, आणि हवं तेच हत्यार वर. पेटीकडे ते बघतच नसत. भजनातही सुरांकडे न बघताच वाजवत, म्हणून किनाऱ्यावरचे खलाशी चिडवायचे, "म्हातारा पेटी वाजवतोय." दोन वर्षं आम्ही सगळे त्यावर हसलो. सगळ्यांत जास्त मी, कारण मला त्याचा अभिमान होता.

रविवारी नवी पेटी मीच उचलून किनाऱ्यावर नेली. सुरूच्या सावलीत एक होडी वर ओढून ठेवली होती, तिच्या फळ्यांच्या फटी भरायच्या होत्या. बाबा बसले. अंगठा फटीवरून फिरवत राहिले, आणि दुसरा हात पेटीत गेला. कानस वर आली. ती ठेवून हात पुन्हा गेला, चाचपडला. मग तो पटकन बाहेर आला तेव्हा तळव्यातून रक्त येत होतं. पटाशीची धार लागली होती.

मी पदर घेऊन धावले. बाबांनी हात माझ्यापुढे धरला, म्हणजे त्यांना वाटलं माझ्यापुढे. मी दोन पावलं डावीकडे होते.

मी तिथेच थांबले. समोर ओहोटीचं लांबच लांब पाणी चमकत होतं आणि बाबा त्याच्याकडे डोळे न मिचकावता बघत होते. मी विचारलं, कधीपासून? बाबांनी रक्ताळलेला तळवा मुठीत मिटला.

मग म्हणाले, "जुन्या पेटीत मला दिसत होतं गो."

माझ्या हौसेने मी बाबांचे डोळे काढून घेतले होते. इतकी लाज मला कधीच वाटली नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली चिमूटभर नजर थेंब घालून सांभाळायची. घरी आल्यावर मी जुनी पेटी समोर ठेवली. बाबा तिच्या रिकाम्या कोपऱ्यांवर बोट ठेवत सांगत गेले, आणि मी नव्या पेटीतले पायऱ्यांचे ते लाडके कप्पे काढून टाकून सागवानी फळ्यांचे आडोसे बसवले. कानस तिरकी, हातोडा आडवा, पटाश्यांच्या धारा चिंध्यांत. मग डोळे मिटून मी स्वतः हात घालून पाहिला, दहा वेळा तरी. करवत बाबांनी आपणहून माझ्याकडे दिली. तिची जागा मात्र तशीच ठेवायला सांगितली.

होडीमालकांनाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. कापाकापी दुसरा करेल, फटी मी भरेन, तिथे डोळ्याचं काम नाही, अंगठ्याचं आहे. मालकांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच सावलीत होतो. बाबांचा हात पेटीत गेला आणि कापूस ठासायची बोथट पटाशी घेऊन वर आला. जाळं ओढणारा एक खलाशी सवयीने बोलून गेला, "म्हातारा पेटी वाजवतोय," आणि लगेच ओशाळला.

बाबा फटीवर अंगठा ठेवून हसले.

"वाजवतोय तर," ते म्हणाले. "सूर तेवढे पोरीने लावलेत."