आबांनी आणलेली माती

टेम्पो भरून झाला तरी आबांचा पत्ता नव्हता. आबा म्हणजे माझे वडील. वरवंडच्या घराला कुलूप लावायची वेळ आली आणि माणूस गायब! शेवटी रानात सापडले. वर मिठासारखं पांढरं फुटलेलं, खाली चिखल, आणि हे मधोमध उभे. मी म्हणालो, "चला आबा, ड्रायव्हर बोंब मारतोय." ते म्हणाले, "एक-दोन वर्सं पडीक ऱ्हाऊ दे. सुधारंल." मी बरं म्हणालो. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणायचो.

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांची पोरं वाचतील, म्हणून सांगतो. आम्ही पाण्यावाचून उठलो नाही, पाण्यानं उठलो. कालवा उशाला, बारा महिने ऊस, पाणी वाट्टेल तेवढं. साचलेलं पाणी निघून जायला चर खणू, असं आबा म्हणायचे. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. असं करता करता रान चिबडलं. पाणी खालून वर आलं, त्याच्याबरोबर क्षार आले, आणि ऊस करंगळीएवढा होऊन वाळला. चूक माझी. आबांनी कधी बोलून दाखवली नाही, ही त्यांची खोड.

मग शिरूर. एवढंसं अंतर, याला कसलं स्थलांतर, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. मी कंपनीत शिफ्टला लागलो, बायको सुनीता ब्लाऊज शिवू लागली, आणि आबा भाड्याच्या फ्लॅटच्या टेरेसवर खुर्ची टाकून बसले. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "कवा जायचं?" आधी मला वाईट वाटायचं, मग राग यायचा. मग काहीच वाटेनासं झालं.

टबाची कल्पना सुनीताची. "त्यांच्या हाताला काहीतरी द्या हो," ती म्हणाली. मी काळा प्लास्टिकचा टब आणला, फळीला चार चाकं ठोकली आणि टब त्यावर बसवला. घरमालक कधी उठा म्हणेल नेम नाही, त्यामुळे बाग ढकलत नेता आली पाहिजे. कमळाचा कंद आणला, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे आणले. कंद कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात विटांवर ठेवायची होती. नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, "खत नको. नुसती चिकण माती भरा, वर खडे पसरा."

टबाला भोक नाही हे पाहून आबांचं तोंड वाकडं झालं. "पानी तुंबवायचं? पुन्यांदा?" पण चिकण माती म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वरवंडला गेले आणि खांद्यावर गोणी घेऊन आले. "आपल्या रानाची हाय. हिच्यात लाव." दोन वर्षांत तो चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता.

दोन दिवसांत माती सुकली आणि तिच्यावर पांढरं चढलं. कमळ जळणार हे मला दिसत होतं, आणि ते जळताना आबा रोज बघणार हेही. मग आबा केस कापायला गेले तेव्हा मी ती माती कंपाउंडमागच्या खड्ड्यात ओतली आणि कुंडीत नर्सरीची भरली. दोन्ही काळ्याच. सुनीता म्हणाली, "हे बरं नाही केलं." मी म्हणालो, "त्यांना काय कळतंय!"

कमळ लागलं. पानांचे देठ लांबले तशी आबा कुंडीखालची एकेक वीट काढत, कुंडी खोल सोडत. संध्याकाळचा प्रश्न बंद झाला. सुटलो, असं मला वाटलं.

मग गुलाबी फूल आलं. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कपड्यांची पिशवी भरली. "रान सुधारलं बघ. मी म्होरं जातो, जवारी टाकतो. तुमी या मागनं."

जाऊ देता आलं असतं. पण तिकडं पेरलेलं बी कुजलं असतं आणि हा माणूस एकटा बांधावर बसून ते बघत राहिला असता. म्हणून सांगून टाकलं, "आबा, ती आपली माती नाही. मी बदलली."

ते फुलाकडं बघत राहिले. शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आपली कुठं टाकली?"

"कंपाउंडमागं. खड्ड्यात."

चप्पल घालून ते खाली गेले. खड्डा केव्हाच बुजवला होता, वर पेव्हर ब्लॉक बसले होते. आबा त्यावर थोडा वेळ उभे राहिले आणि वर आले. पिशवीतले कपडे कपाटात लावले. टबात पाणी कमी झालं होतं, ते भरलं.

परवा रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. नवा शेजारी ओळख करून घ्यायला दारात आला. "आबा, गाव कुठलं तुमचं?"

"शिरूर," आबा म्हणाले.

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. भाकरीचा तुकडा हातात होता, तो मी खाल्ला. मग पुढचा मोडला.