धवलारणीची करवंटी

१९३३ साल होतं आणि मी तेवीस वर्षांचा होतो. माझी शाळा मराठी दुसरीत सुटली. मीच सोडली, कुणी काढलं नाही. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी त्याला म्हटलं, होडी माझी, तर सुकाणूही माझ्याच हातात राहू दे.

त्या साली माघात आमच्या बहिणीचं लग्न होतं. आम्ही थळचे कोळी. मी आणि बा होडीवर, आणि माझ्या पाठचा भाऊ मुंबईत कॉलेजात. आमच्या कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. तो गेला तो माझ्या हट्टानं. बाचं म्हणणं, पोरगा तिकडं गेला की आपला राहायचा नाही. मी दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा कुठं बा तयार झाला. तेही एका अटीवर. म्हणाला, ज्या दिवशी हा घरच्या रीतीला विसरेल, त्या दिवशी परत होडीवर येईल.

लग्नाला भाऊ कॉलेजातल्या तीन मित्रांना घेऊन आला. दोघं मुंबईचे, एक घाटावरचा. सगळ्यांचे पांढरे सदरे, पायांत बूट. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला मी चौघांना होडीनं रेवसला मुंबईच्या बोटीवर सोडायचं होतं, कॉलेज चालू होतं. पोरं वाईट नव्हती. पण अंगणात आली की भिंतीला चिकटून उभी राहायची. आमच्या बाया त्यांना बघून हसायच्या, तशी ती आणखी चिकटायची. आणि आमचा भाऊ, जो लहानपणी याच अंगणात उघडाबंब नाचायचा, तोही त्यांच्या शेजारी तसाच उभा.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची लग्नं धवलारीण लावते. वाड्यातली जाणती बाई असते ती. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, देवांना आणि पितरांना मांडवात बोलावते, आणि मग लग्न लागतं. तिच्यासाठी माडीचं, म्हणजे माडाच्या दारूचं, एक मडकं वेगळं ठेवतात, तोंडाला आंब्याची पानं बांधून. त्यातली पहिली करवंटी तिची. ती चार थेंब जमिनीवर पितरांना सोडते, एक घोट घेते, आणि मगच तोंड उघडते. त्याआधी त्या मडक्याला कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर मडकं उष्टं, आणि उष्ट्या मडक्यावर ती गात नाही. ती गायली नाही तर लग्न नाही.

ते मडकं आम्ही जाळ्यांच्या खोपीत ठेवलं होतं. ऊन कलायला लागलं तसा मी ते आणायला गेलो, तर चौघं पोरं जाळ्यांवर बसलेली. आंब्याची पानं खाली पडली होती आणि मडकं अर्ध्यावर आलं होतं.

मित्रांना काही ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं पाहुण्यांचीच सोय आहे. पण भावाला ठाऊक होतं. पानं त्यानंच सोडली होती.

मी त्याला कॉलर धरून उठवलं आणि विचारलं, हे काय केलंस? तो खाली मान घालून सांगायला लागला. कॉलेजात असंच करतात म्हणे. कुठं गॅदरिंग असो, कुणाकडं जेवण असो, जायच्या आधी चारजण एका खोलीत बसतात आणि थोडी थोडी घेतात. मग तिथं गेल्यावर बोलता येतं, हसता येतं.

"आधी घेतली म्हणजे लाज वाटत नाय, दादा."

"आपल्याच घरात लाज कसली रे तुला?"

तो हळूच म्हणाला की, तिकडं मला कोळी म्हणून हसतात, आणि इकडं आलो की सगळे साहेब म्हणून हसतात. मी उभा राहू कुठं?

हे मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी वाड्यात छाती काढून फिरत होतो, माझा भाऊ कॉलेजात आहे म्हणून, आणि त्याला तिथं कसं वाटतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

मित्रांपैकी एकानं सुचवलं की, दुसरी माडी आणून वर भरू आणि पानं पुन्हा बांधू. मी म्हटलं, ते जमायचं नाही. माझ्या बहिणीचं लग्न खोट्या मडक्यावर लागणार नाही. भावाला एवढंच म्हटलं, तू स्वतः जाऊन सांग. मी मागं उभा राहतो.

मांडवात धवलारीण पाटावर बसली होती. शेजारी बा. नवऱ्याकडच्या होड्या खाडीच्या तोंडाशी दिसायला लागल्या होत्या. भाऊ सगळ्यांदेखत तिच्या पुढ्यात जाऊन बसला आणि म्हणाला, आजी, तुमचं मडकं मी उष्टं केलं.

बा उठला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवायचा नाही. म्हणाला, "उद्या होडीत तिघं बसतील. तू न्हाय."

म्हणजे भावाचं कॉलेज सुटलं. बाचा शब्द म्हणजे शब्द, आणि मी त्याचाच मुलगा, म्हणून मला तो चांगला ठाऊक.

पण मांडव उभा राहिला की त्यात बाचं चालत नाही, धवलारणीचं चालतं. तिनं बाला हातानंच खाली बसवलं आणि भावाला विचारलं, का रे केलंस? भावानं लाजेचं सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. म्हातारी तंबाखू चघळत ऐकत राहिली.

"मी पहिलं लगीन लावलं तवा माझे पण पाय कापत व्हते," ती म्हणाली. "पण मना कुणी आधी चोरून न्हाय पाजली. सगल्यांच्या समोर दिली. म्हनून कापरं गेलं. नशेनं न्हाय गेलं, पोरा."

मग ती बाकीच्या तिघांकडं वळली. म्हणाली, माडी काढायला भंडाऱ्याची आता माडावर चढायची वेळ झाली. चौघांनी जा, समुद्रात डोकी बुडवा, आणि नवं मडकं घेऊन या. आणि माझ्यामागं ओळ उचलून झील पण तुम्हीच धरायची. बाया हसू लागल्या. एकजण म्हणाली, बुटांसकट बुडव गं आजी त्यांना.

चौघं धावत गेली. मी माडांच्या वाडीच्या कडेला उभा राहून बघत होतो. ओल्या सदऱ्यांनी, काठीला मडकं अडकवून ती येत होती, पुढं आमचा भाऊ आणि मागं घाटावरचा. वाटेत बायापोरं टाळ्या पिटत होती. भाऊ हसत होता. त्या मडक्यातलं त्यानं काही घेतलं नव्हतं आणि तरी हसत होता.

नवऱ्याकडची माणसं मांडवात आली तेव्हा मडक्याला नवी पानं बांधून झाली होती. धवलारणीनं करवंटी भरली, पितरांना थेंब सोडले, घोट घेतला आणि आवाज लावला. चौघं तिच्यामागं उभी राहून ओळ उचलत होती. मुंबईच्या दोघांचा सूर कुठल्या कुठं जायचा. घाटावरच्याचा गळा मात्र असा निघाला की आमच्या बायाही ऐकत राहिल्या. बहिणीचं लग्न लागलं.

लग्न लागल्यावर करवंटी माणसांत फिरली. बाच्या हातात आली तेव्हा त्यानं आधी स्वतः घेतली नाही. भावाकडं पुढं केली, सगळ्यांसमोर. भावानं दोन्ही हातांनी घेतली, एक घोट घेतला आणि परत दिली. मग बा माझ्याकडं न बघता म्हणाला, "सकाळी भरती कवा हाय रे?"

बा पन्नास वर्षं त्या समुद्रावर होता. भरती कधी आहे हे त्यानं मला विचारावं? मी सांगितलं, आणि तोंड फिरवून हसलो.

सकाळी मी भरतीच्या आधी किनाऱ्यावर गेलो. होडीत सुक्या बोंबलांचं एक बोचकं आधीच ठेवलेलं होतं, बाच्या गाठीनं बांधलेलं. मी त्याच्या शेजारी भावाची ट्रंक ठेवली, चौघांना आत घेतलं आणि रेवसकडं शीड सोडलं.