पाहणारे : दोन

बाबा गेल्यापासून आई डोंबिवलीच्या घरी एकटी राहते. मी घोडबंदर रोडला. गौरी-गणपती मात्र तिच्याकडेच. या वर्षी लांबच्या नातेवाइकांना घरबसल्या दर्शन व्हावं म्हणून मी हॉलमध्ये वायफायवाला कॅमेरा लावलेला आणि त्याचं लाइव्ह चित्र माझ्या वेबसाइटवर सोडलेलं. ट्रेकचे फोटो टाकायला काढलेली वेबसाइट. एरवी तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही. पासवर्ड टाकू म्हटलं तर आई म्हणाली, "देवाच्या दर्शनाला कसलं रे कुलूप?" मग ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठे कुठे गेली, तो बाप्पाच जाणे. आवाज जात नव्हता आणि चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे चालायचं. आमचा प्रसाद वाटून व्हायचा आणि नाशिकची बहीण फोनवर ओरडायची, "अरे थांबा, इथे अजून आरती चाललीये!"

विसर्जन झालं. कॅमेरा मी काढला नाही. वागळे इस्टेटच्या ऑफिसात बसून आई दिसायची, बरं वाटायचं. पानाच्या कोपऱ्यात, आत्ता किती जण बघतायत, तो आकडा येईल अशी सोय मी हौसेने केलेली. आता तिथे एक हवा, म्हणजे मी. तर दोन!

बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय दुसरे उद्योग नाहीत?" भावंडांनीही कानावर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. माझं टाळकंच सटकलं. कोण हा हरामखोर, जो रिकाम्या मखरासमोर बसलेली माझी आई बघत बसतो? घरी जाऊन लॅपटॉपवरून पासवर्ड टाकायचाच, असं ठरवलं.

त्याच दुपारी पान उघडलं. आई कॅमेऱ्यासमोर सतरंजीवर बसलेली. समोर गौरींना घातलेले दागिने, तिच्या पाटल्या, आजीची ठुशी. एकेक पुसून डब्यात ठेवत होती. कोपऱ्यात आकडा, दोन.

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पान मोबाइलवरून बंद करता आलं असतं. पण त्याला दिसायचं बंद झालं की मलाही दिसणार नव्हतं. बोट बटणावर ठेवून मी तसाच बसलेलो. तेवढ्यात आईने दाराकडे मान वळवली. उठली. दागिने तिथेच टाकून चित्राच्या चौकटीबाहेर गेली. चित्र मागे चालतं, म्हणजे दार तर तिने केव्हाच उघडलेलं असणार! मी पान तसंच चालू ठेवून जिना उतरलो, रिक्षा पकडली. शिळफाट्याला ट्रॅफिक तुंबलेलं, मोबाइलवर चित्राऐवजी नुसतं चक्र गोल गोल फिरत होतं. आईला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नव्हतो.

बेल वाजवली. तिने "कोण?" असंही न विचारता दार उघडलं.

"अगं बाई! आज इतक्या लवकर?"

"मगाशी कोण आलेलं?"

"शेजारच्या काकू. प्रसादाचा डबा परत द्यायला. रिकामा कसा देणार, म्हणून थालीपीठं घालून आणली. खातोस?"

मग माझा तोलच गेला. "अगं आई, अक्कल आहे का? फोन कुठेय तुझा? सोनं उघड्यावर मांडून बसतेस, कुणीतरी रोज तुला बघतंय!" मी हातवारे करत नुसता ओरडत होतो. ती आतल्या खोलीत गेली. मी बडबडतच मागे.

पलंगावर उशीला टेकवून माझ्या मुलीचा जुना टॅब ठेवलेला. त्यावर माझंच पान उघडं होतं. कोपऱ्यात दोन.

"हे... तू बघतेस?"

"गणपतीत नातीने लावून दिलेलं. मला बंद करता येत नाही." पदराशी चाळा करत ती म्हणाली, "खरं सांगू? करायचंही नाही. मी आत येऊन टेकते, तरी ह्यातली ती अजून बाहेर वावरत असते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं रे."

मी तिच्याशेजारी बसलो. टॅबवरच्या हॉलमध्ये ती दाराकडे निघाली होती.

"बघ," ती एकदम खुलून म्हणाली, "आता तू येशील."

आणि मी आलो. आवाज नव्हता, नुसते हात नाचत होते. समोर ती खाली मान घालून उभी होती.